सासूबाईंचं पोट

माझ्या मामीला दोन सासवा. पहिली मामाची आई, दुसरी गोबरगॅसची टाकी. पहिली वारली, दुसरीचं अजून चाललंय. दोघींपैकी जास्त छळ कुणी केला असं विचारलं तर मामी हसते आणि म्हणते, "पहिली निदान बोलायची तरी."

टाकीला सासूबाई हे नाव मामीनंच ठेवलं. मामाला ते मुळीच आवडत नाही. तो पाहुण्यांना "आमचा प्लांट" म्हणून दाखवतो आणि तेवढ्यात मामी मागून येऊन म्हणते, "सरका जरा, सासूबाईंच्या न्याहारीची वेळ झाली." पाहुणे हसतात, मामा ओशाळतो, आणि मामी घमेलं घेऊन पुढे जाते. मलाही ते ऐकून पुष्कळ वर्षं हसू यायचं. आता येत नाही.

पहिल्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मामी तरुण होती. त्यांचं खाणंपिणं, कूस बदलणं, अंग पुसणं सगळं तिच्याकडे. कुठे जायचं म्हटलं की म्हातारी डोळे मिटून घ्यायची, मग मामीचा पाय निघायचा नाही. त्या गेल्या तेव्हा मामी मनापासून रडली, हे मी स्वतः पाहिलंय. आणि मग एके दिवशी तिनं माळ्यावरून एक हिरवी बॅग खाली काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि उन्हात ठेवली. धाकट्या बहिणीकडे जायचं होतं तिला, चांगलं महिनाभर राहायला. बॅग उन्हात वाळत होती, आणि मामा कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून परत आला.

मामा उत्साही माणूस. त्याच्या उत्साहाची सुरुवात तो करतो आणि शेवट मामी करते. प्रदर्शनात त्यानं गोबरगॅस पाहिला होता. घरच्या गाईंचं शेण, शेतातला पालापाचोळा, सडकी भाजी, सगळं एका विहिरीएवढ्या टाकीत घालायचं आणि त्याच्या गॅसवर शेगडी पेटवायची. धूर नाही, खर्च नाही, उरलेल्या मळीचं वर खत. मामानं घर डोक्यावर घेतलं. स्वयंपाकघरामागे खड्डा खणला, टाकी बांधली, तिच्यावर उलटा लोखंडी ड्रम बसवला. गॅस साठला की ड्रम वर येतो, वापरला की खाली बसतो. पहिल्यांदा शेगडी पेटली त्या दिवशी मामानं जमलेल्या लोकांपुढे भाषण केलं. सूर्य आहे तोवर गवत आहे, गवत आहे तोवर गाई आहेत, आणि गाई आहेत तोवर आपल्या घरात जाळ आहे, असं काहीतरी बोलला. छान बोलला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी त्याला शोध लागला की शेणाला वास येतो.

तेव्हापासून मामी आणि टाकी. हिरवी बॅग माळ्यावर गेली.

काम काय, तर रोज सकाळी गोठ्यातलं शेण ढकलगाडीतून आणायचं, कुंडीत टाकायचं, तेवढंच पाणी घालायचं आणि हातानं कालवायचं. हातानंच, कारण गुठळ्या फोडाव्या लागतात आणि गवताची एकेक काडी वेचून काढावी लागते. काडी आत गेली तर वर तरंगते, तिची साय धरते आणि गॅस अडतो. शेतातला पाला द्यायचा तर तो आधी बारीक चिरायचा, भाजीला चिरतो तसा. मग कुंडीचं बूच काढलं की सगळं घळघळ आत जातं. दुसऱ्या बाजूनं तेवढीच मळी बाहेर येते, ती वाफ्यांत न्यायची. साय धरू नये म्हणून ड्रम धरून गोल फिरवायचा. आणि मग कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, आणि तरीही चारचौघांत गेल्यावर मागच्या रांगेत, दाराजवळ बसायचं. दाराजवळ का बसतेस, असं मी लहानपणी एकदा मोठ्यानं विचारलं होतं. "वारा लागतो," म्हणाली.

गाईंची धार काढायला एक माणूस येतो. तो शेणाला हात लावत नाही, ते त्याच्या कामात नाही म्हणे. मामानं एकदा, फक्त एकदा, टाकीची जबाबदारी घेतली. मामी भावकीतल्या एका लग्नाला गेली होती. मामानं शेण तसंच, काड्यांसकट, ढकललं. नळी तुंबली. पुढचा आठवडाभर मामी लांब काठीला आकडा बांधून गवत उपसत बसली होती. मामा बाजूला उभा राहून लोकांना सांगत होता, "हिच्याशिवाय नाही जमत हे कुणाला." कौतुकानं सांगत होता, बरं का. मामानं तिला आयुष्यात कधी अडवलं नाही. त्याला कधी अडवावंच लागलं नाही.

त्यात मामाच्या दिलदारपणाची भर. गॅस जास्त होतोय म्हटल्यावर त्यानं पाइप वाढवून मागच्या गल्लीतल्या घरांना दिला. बेकरीवाल्याचं घर, शिंपीणबाईंचं, शाळेतल्या शिपायाचं, आणखी दोनतीन. आता घरच्या शेगडीपुरती असलेली टाकी अख्ख्या गल्लीची झाली. मामी त्या गल्लीतून चालली की दारादारातून हाका. "मामी, तुमच्यामुळे आमची चूल पेटते हो!" "मामी, तुम्ही आहात म्हणून आम्ही जेवतो!" मामी मान खाली घालून हसायची. तिच्याकडे दागिना असा फारसा नव्हता, हे वाक्य मात्र ती घरी येऊन मला दोनदोनदा सांगायची.

तिच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी. ती बरोबर टाकीवर उघडते. टाकी भरलेली असली की ड्रम वर येतो आणि खिडकीभर नुसतं काळं लोखंड दिसतं. गॅस संपत आला की ड्रम खाली जातो आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडचा रस्ता दिसतो, स्टँडकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. म्हणजे रस्ता दिसला की मामी हातातलं काम टाकून टाकीकडे धावायची. कित्येक वर्षं तिनं त्या रस्त्याकडे फक्त काळजीनंच पाहिलंय. माझा नुसता संताप व्हायचा. मी म्हणायची, "मामी, बंद कर ना हे सगळं, सिलिंडर घे आणि मोकळी हो." ती म्हणायची, "आणि गल्लीचं काय?"

तर त्या धाकट्या बहिणीचा मुलगा परदेशात स्थायिक झाला होता. आता तो आईला कायमचं न्यायला आला. तिचं घर विकलं, भांडी वाटून टाकली. गुडघे गेलेले, हृदयाचं दुखणं, एवढा प्रवास ती पुन्हा करणार नव्हती. फोनवर मामीला म्हणाली, "ताई, एकदा ये. लहानपणी एका पांघरुणात झोपायचो गं आपण. एक रात्र झोपू आणि मग मी जाते." मामीनं फोन ठेवला आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढली.

मी मुद्दाम रजा काढून आले. आम्ही दोघींनी दुपारच्या बसनं निघायचं, रात्री पोचायचं, दुसऱ्या दिवशी तिला विमानतळावर सोडून परत यायचं. त्या बसनंतरची कुठलीच गाडी वेळेत पोचणारी नव्हती. मामा म्हणाला, "बिनधास्त जा, मी बघतो." मामा बघतो म्हणाला की तो खरंच नुसता बघतो, हे मामीला माहीत होतं. म्हणून तिनं आपल्या परीनं बंदोबस्त केला, आणि तिथंच घात झाला.

गावाला जाताना बाई काय करते? घरच्यांसाठी चार पदार्थ जास्तीचे करून झाकून ठेवते. मामीनं टाकीसाठी तेच केलं. निघायच्या आधीचे दोनतीन दिवस ती रोज दुप्पट शेण कालवत होती, म्हणजे आपण नसताना सासूबाईंना कमी पडायला नको. बेकरीवाल्यानं शिळ्या पावाचं एक पोतं दिलं होतं, गाईंना घाला म्हणून. पाव घातला की गॅस जोरात होतो हे तिनं कुठेतरी ऐकलं होतं. तिनं ते पोतं भिजवून, कुस्करून, मऊ लापशी करून टाकीला भरवलं. मी आले तेव्हा ती शेवटची बादली ओतत होती. चेहरा नुसता फुलला होता. "दोन दिवसांचं जेवण घालून ठेवलंय बघ," म्हणाली. "आता म्हातारी तक्रार नाही करायची."

एरवी तिनं असं कधीच केलं नसतं. थोडं थोडं आणि रोज, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. पण जायची घाई अशी होती की तिला तिचंच शहाणपण आठवलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी खिडकीत ड्रम इतका वर आला होता की आभाळसुद्धा दिसत नव्हतं. मामी खूश. ठेवणीतले कपडे इस्त्री करून पलंगावर, हिरवी बॅग दाराशी. म्हणाली, "चहा घेऊ आणि मग आंघोळ." कॉक उघडला, काडी लावली. ज्योत पेटली, बर्नरवरून उचलली गेली आणि फस्सकन विझली. दुसरी काडी. पुन्हा तेच. तिसऱ्या काडीनंतर ती बाहेर धावली. मी मागोमाग. टाकीच्या तोंडाशी आंबट वास येत होता, आंबून गेलेल्या पिठाचा येतो तसा.

"आंबली," मामी म्हणाली. कुणी गेल्यासारखी कुंडीच्या कठड्यावर बसली.

मामा आला, वास घेऊन दोन पावलं मागे गेला. "तरी मी म्हणत होतो," म्हणाला. काय म्हणत होता ते देव जाणे. मग जरा थांबून, "आता सगळे मला विचारत येणार. मी काय सांगू त्यांना?"

मी ज्यानं टाकी बसवली त्या फिटरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. फिटर शांत माणूस. "मामी, अजीर्ण झालंय तिला. गॅस झालाय, पण जळणारा नाही. काळजी करू नका. वरचा कॉक उघडून तो घाण गॅस सोडून द्या, आसपास विस्तव ठेवू नका. थोडी चुन्याची निवळी घाला. आणि मग तिला उपाशी ठेवा. हप्ताभर काहीही घालू नका, आपोआप रुळावर येईल."

"मी काय करू पण?" मामीनं विचारलं.

"तुम्ही काहीच करू नका. ढवळायचं ते कुणीही ढवळेल. तुम्ही तिच्यापासून लांब राहा, तेच औषध."

मी तर आनंदानं टाळीच वाजवली. "ऐकलंस? काहीच करायचं नाही! आंघोळ कर आणि चल. उलट बरंच झालं, आता मागे चारापाणीसुद्धा नको."

मामी उठली नाही. तिनं मागच्या गल्लीकडे पाहिलं. "आणि त्यांचं काय?"

"त्यांचं ते बघतील."

"कसं बघतील? पोरं शाळेतून येतील. शिपायाची आई आजारी आहे, तिला गरम लागतं सगळं. माझ्या चुकीनं सगळ्यांच्या शेगड्या बंद पाडल्या आणि आता मी नवे कपडे घालून बस पकडू? तोंड लपवून पळाली म्हणतील."

दुपारपर्यंत मी समजावलं, भांडले, शेवटी रडले. तुझी बहीण जन्माची जातेय, असंही तोडून बोलले. ती ऐकत होती. ऐकत ऐकत तिनं चुना भिजत घातला आणि कॉक उघडला. गॅस सुंयसुंय करत बाहेर पडू लागला आणि ड्रम हळूहळू खाली बसला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. खिडकीतून आधी आभाळ दिसलं, मग झाडांचे शेंडे, मग रस्ता. थोड्या वेळानं बस गेली. खिडकीतून ती अख्खी दिसली. मामीनं ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. ती म्हणाली, "चल, आपल्या घरचा जुना स्टोव्ह आहे, तो आधी शिपायाच्या घरी देऊ. बाकीच्यांची माफी मागू."

स्टोव्ह मी उचलला. मामीच्या हाताला चुना होता.

शिपायाच्या घराचं दार उघडंच होतं. आत त्याची बायको कांदा परतत होती. ओट्यावर शेगडी निळीशार जळत होती, आणि ओट्याखाली, अर्धवट सरलेल्या पडद्याआड, लाल सिलिंडर. खाटेवर आई गरम चहा पीत बसली होती.

"अगंबाई, मामी! तुम्ही गेला नाहीत?" बायकोनं पडदा पायानं जरा पुढे सरकवला. "अहो, आमचं चाललंय. अडीनडीला म्हणून ठेवलेला असतो एक. तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून बोललो नाही कधी."

शिंपीणबाईंकडे तर दोन होते. एक भरलेला, एक रिकामा, वर कापडाच्या घड्या रचलेल्या. बेकरीवाल्याची बायको हसत म्हणाली, "तुमचा गॅस काय, आहे तोवर वापरायचा. नसला की हा आहेच. गेल्या पावसाळ्यात नाही का तुमचा ड्रम गंजून गॅस मंद यायचा, तेव्हा सगळे ह्याच्यावरच होतो. पण मामी, तुम्ही खुशाल जायचं होतं हो! आम्हाला वाटायचं, तुम्हाला टाकी सोडून करमतच नाही. मामासुद्धा तेच सांगतात."

मामी म्हणाली, "हो, नाही करमत."

मग ती पुढच्या घरी गेली नाही. आम्ही स्टोव्ह घेऊन परत आलो. गल्लीतून चालताना घराघरांतून फोडणीचे वास येत होते. एरवी मामीनं प्रत्येक वास ओळखून मला सांगितलं असतं, कुणाकडे काय शिजतंय ते. त्या दिवशी ती सरळ चालत राहिली. मला तिचा इतका राग आला होता आणि तिची इतकी कीव येत होती की दोन्ही मिळून माझं डोकं दुखायला लागलं.

दाराशी हिरवी बॅग तशीच होती. आम्ही उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि फोन वाजला. बहिणीचा. मामीचे हात चुन्याचे होते, म्हणून मी फोन तिच्या कानाला धरून उभी राहिले. पलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"ताई, बसलीस का गाडीत? मी पांघरूण काढून ठेवलंय."

मामीनं डोळे मिटले. "नाही गं. येत नाही मी. इथला गॅस बंद पडला. सबंध गल्लीच्या चुली बंद आहेत. पोरंबाळं उपाशी राहतील. अशी कशी टाकून येऊ?"

मग बहीण रडत रडत हसली. "तू अशीच गं. आधी सासू, मग गल्ली. सगळ्यांचं करत राहिलीस. देव तुझं भलं करो. मी तिकडे सगळ्यांना सांगेन, माझी ताई अख्ख्या गल्लीला जेवू घालते."

"हो ना," मामी म्हणाली. "माझ्यावाचून अडतं गं सगळ्यांचं."

मागच्या गल्लीतून अजून फोडणीचा वास येतच होता. बहिणीनं मग गोळ्या कुठे ठेवल्यात, थंडी किती असेल, असलं काहीबाही बोलून फोन ठेवला. मी फोन खाली घेतला. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

"मामी, खरं का नाही सांगितलंस तिला?"

मामी हाताला वाळलेला चुना नखानं खरवडत होती. "काय सांगू?" ती म्हणाली. "की इथं कुणाचंच अडलं नव्हतं, आणि तरी मी आले नाही?"

मग तिनं ढकलगाडी घेतली आणि ती गोठ्याकडे गेली. उपास टाकीला होता, गाईंना नव्हता. सकाळपासूनचं शेण तसंच पडलं होतं.